शनिवारचं विमान

(दृश्य: काचेच्या पलीकडे धावपट्टी. तिच्या टोकाशी कडा, खाली समुद्र. आवाज फक्त वाऱ्याचा.)

ही धावपट्टी नीट बघा. ती संपते तिथेच जमीनही संपते. पुढे जवळपास तीनशे मीटरचा उतरता कडा आणि खाली दक्षिण अटलांटिक महासागर. इथून सगळ्यांत जवळचा दुसरा विमानतळ असेन्शन बेटावर आहे, तोही सुमारे १,३०० किलोमीटरवर. आफ्रिकेचा किनारा सुमारे १,९०० किलोमीटरवर. मधे सगळं पाणी.

हे सेंट हेलेना. ब्रिटिश अमलाखालचं बेट. क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस किलोमीटर, वस्ती साडेचार हजारांच्या आत. आपण उभे आहोत ते या बेटाच्या एकुलत्या एका विमानतळावरच्या एकुलत्या एका लाउंजमध्ये.

(दृश्य: खुर्च्या, छोटी टेबलं, कॉफीचे कप. एक आजी काचेला नाक लावून बाहेर बघतेय.)

मुंबई-दुबईच्या लाउंजची सवय असलेल्या माणसाला ही एखाद्या नीटनेटक्या घराची बैठकीची खोली वाटेल. मोजक्या खुर्च्या, एक काउंटर, गरम कॉफी. गर्दी अशी नाहीच. पण एक गोष्ट आमच्या कॅमेऱ्याने आल्या आल्या टिपली. इथे कुणी झोपलेलं नाही, कुणी मोबाइलमध्ये मान घालून बसलेलं नाही. सगळ्यांची तोंडं काचेकडे आहेत. आकाश मोकळं आहे का, वारा कुठून आहे, ढग किती खाली आलेत, हे प्रत्येक जण आपापल्या परीने वाचतोय.

आज शनिवार. शनिवारचं विमान हेच इथलं मुख्य विमान. हंगामात आठवड्याच्या मधेही एखादं येतं. जोहान्सबर्गहून सकाळी निघालेलं हे विमान नामिबियातल्या वॉल्व्हिस बे इथे थांबतं, इंधन भरून घेतं आणि समुद्रावर निघतं. दुपारी ते इथे टेकेल, थोडा वेळ थांबेल आणि जायची माणसं घेऊन परत फिरेल. ते आलं तर आपण जाणार. नाही आलं तर सामान उचलून पुन्हा खोलीवर.

(दृश्य: लाउंजच्या नावाची पाटी.)

लाउंजचं नाव १५०२. पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द नोव्हा याला २१ मे १५०२ रोजी हे बेट दिसलं, असं परंपरेने मानतात. तो कुठून परत चालला होता? आपल्याकडून. मलबार किनाऱ्यावरून माल भरून तो पोर्तुगालला निघाला होता. नंतर गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेलं आणि हिंदुस्थानातून परतणारी जहाजं पाणी भरायला इथे थांबू लागली. ज्या दरीत आज जेम्सटाउन हे राजधानीचं गाव आहे, तिथल्या झऱ्यावर गोव्याहून निघालेल्या माणसांनी हंडे भरलेत. म्हणजे नकाशावर एवढं लांब दिसणारं हे बेट गोव्याच्या वाटेवरच होतं.

आणि या बेटावर वस्ती करून राहिलेला पहिला माणूस थेट गोव्याच्या गोष्टीतलाच आहे.

(दृश्य: जेम्सटाउनमधलं एक परस. भिंतीवर कोंबडा. तो सावकाश मान वळवून कॅमेऱ्याकडे बघतो.)

हा कोंबडा आम्हाला सहज दिसला. पण त्याला बघितल्यावर फेर्नांव लोपिशची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

लोपिश हा आफोन्सो द अल्बुकर्कच्या फौजेतला पोर्तुगीज. १५१० मध्ये गोवा जिंकून अल्बुकर्क मलाक्क्याकडे गेला. मागे राहिलेल्यांपैकी काही जण आदिलशाही बाजूला जाऊन मिळाले, मुसलमान झाले. लोपिश त्यांच्यात होता. आदिलशाही सरदार रसूलखानाने बाणस्तारीचा कोट धरून ठेवला होता. हेच ते बाणस्तारी, जुन्या गोव्याहून फोंड्याला जाताना जिथला पूल आपण ओलांडतो. १५१२ मध्ये अल्बुकर्क परत आला आणि त्याने कोटाला वेढा घातला. रसूलखानाने तह केला. फितूर पोर्तुगीज ताब्यात द्यायचे, पण त्यांना जिवे मारायचं नाही, अशी अट ठरली. अल्बुकर्कने शब्द पाळला, जीव घेतला नाही. लोपिशचा उजवा हात तोडला. डाव्या हाताचा अंगठा तोडला. नाक कापलं, कान कापले.

अल्बुकर्कच्या मृत्यूनंतर, १५१६ च्या सुमारास, लोपिश पोर्तुगालच्या जहाजावर चढला. पाणी भरायला जहाज सेंट हेलेनाला थांबलं, तेव्हा तो रानात शिरला आणि लपून बसला. हे तोंड घेऊन घरी कसा जाणार? खलाशांनी शोधलं, सापडला नाही. मग त्यांनी किनाऱ्यावर बिस्किटांचं पिंप, थोडी शिधासामग्री आणि विस्तव ठेवला आणि ते निघून गेले.

एका हाताने, तेही अंगठा नसलेल्या, त्याने डोंगरात राहण्यापुरती बिळासारखी जागा खोदली. पुढच्या एका जहाजावरून एक कोंबडा समुद्रात पडला. लाटांनी तो किनाऱ्याला लोटला आणि लोपिशने त्याला उचलून वाचवलं. मग तो कोंबडा त्याच्याजवळच राहिला. दिवसा मागे मागे फिरायचा, रात्री त्याच्याच बिळात झोपायचा. जहाज आलं की लोपिश लपायचा. गेलं की त्यांनी ठेवलेलं घ्यायचा. खलाशी त्याच्यासाठी बी-बियाणं, रोपं, कोंबड्या, बकऱ्या ठेवू लागले. त्याने झाडं लावली, ती वाढवली. पुढे त्याला पोर्तुगालला नेण्यात आलं, तिथून रोमला. पोपने क्षमा केली आणि काय हवं ते विचारलं. त्याने मागितलं ते एवढंच, मला माझ्या बेटावर परत जाऊ द्या. तो परत आला आणि १५४५ च्या सुमारास इथेच वारला.

(दृश्य: खडकाळ दरी. चढण. मग पुन्हा लाउंज.)

नेपोलियनचं तुम्हाला ठाऊकच आहे. १८१५ मध्ये इंग्रजांनी त्याला इथे आणलं, १८२१ मध्ये तो इथेच गेला. लाँगवुडचं त्याचं घर या विमानतळापासून फार लांब नाही. जगाला सेंट हेलेना ठाऊक आहे ते त्याच्यामुळे. आम्हाला मात्र या काचेशी बसून पुन्हा पुन्हा लोपिशच आठवत राहिला.

(दृश्य: कॉफीचा कप, अगदी जवळून. वाफ. मागे धावपट्टी अंधूक.)

१६५९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने या बेटावर ठाण मांडलं. कंपनीच्या जहाजांबरोबर काय काय आलं ते इथल्या स्वयंपाकघरात दिसतं. १७३३ मध्ये येमेनमधल्या मोखा बंदरातून कंपनीने कॉफीचं बी आणवलं. त्याच वाणाची कॉफी आजही या डोंगरांवर होते. थोडीच होते आणि महाग विकली जाते. इथल्या घरोघरी एका भांड्यात भात, मांस आणि भाज्या घालून शिजवतात, त्या पदार्थाला म्हणतात ‘प्लो’. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपला पुलाव जहाजात बसून इतका लांब आला आणि वाटेत त्याचा उच्चार तेवढा झिजला. सकाळी जेम्सटाउनमध्ये आम्ही ट्यूना माशाच्या तिखट वड्या खाल्ल्या. मिरची सढळ होती. इथल्या माणसांना तिखट चालतं, नव्हे, लागतंच.

(दृश्य: जेम्सटाउनचा धक्का. दगडी पायऱ्या. वर लोंबणारे जाड दोर.)

आता हे दोर बघा. विमान यायच्या आधी बेटावर पाऊल ठेवायचं ते यांना धरून.

जहाजाचं नाव आरएमएस सेंट हेलेना. आरएमएस म्हणजे रॉयल मेल शिप, टपाल वाहणारं सरकारी जहाज. १९९० पासून हेच जहाज केप टाउन आणि सेंट हेलेना यांच्यात ये-जा करायचं. एका बाजूचा प्रवास पाच रात्रींचा. माणसं, औषधं, पीठ, बटाटे, मोटारी, पत्रं, सगळं त्यातून. जहाज धक्क्याला लागायचं नाही, खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहायचं. लहान होडीतून माणसं या पायऱ्यांशी यायची. लाट होडीला वर उचलायची त्या क्षणी दोर पकडायचा आणि पायरीवर उडी मारायची. म्हाताऱ्यांनी, गरोदर बायांनी, सगळ्यांनी.

आमचा कॅमेरामन देवगडचा. हे दोर बघून तो बराच वेळ काही बोलला नाही. मुंबईहून कोकणात बोटी जायच्या त्या काळात त्याची आजी बोटीने गावी यायची. बोट बाहेर उभी, मग पडाव, मग ओलं लुगडं सावरत किनारा. त्याने या पायऱ्यांचं चित्रण तीनदा केलं. तिन्ही आम्ही ठेवलंय.

इथली माणसं स्वतःला ‘सेंट’ म्हणवतात. २००२ मध्ये त्यांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व परत मिळालं आणि कामासाठी बाहेर जाण्याचं प्रमाण वाढलं. कुणी इंग्लंडला, कुणी फॉकलंडला, कुणी असेन्शनला. आईबाप एका बेटावर, मुलं दुसरीकडे. आणि मधे जहाजाचं वेळापत्रक. घरात कुणी अचानक गेलं तर पोचणं जवळपास अशक्यच. गंभीर आजारी माणसाला आधी जहाजाची वाट बघावी लागे आणि जहाज आलं तरी केप टाउनचं मोठं इस्पितळ पाच दिवसांवर.

म्हणून विमानतळ.

(दृश्य: विमानतळाकडे येणारा रस्ता. वळणं. मग भरावाचा प्रचंड उतार, खालून वर.)

पण बांधायचा कुठे? हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी. सपाटी नावालाही नाही. पूर्वेच्या कड्यावर प्रॉस्परस बे प्लेन नावाचं एक उजाड पठार आहे. तेवढीच काय ती जागा, आणि तीही धावपट्टीला पुरत नव्हती. पठाराच्या कडेला ड्राय गट नावाची खोल घळ आडवी येत होती.

नोव्हेंबर २०११ मध्ये एका दक्षिण आफ्रिकन कंपनीशी करार झाला. ब्रिटिश सरकारचा पैसा, २८ कोटी पौंडांहून जास्त. काम करणार, पण यंत्रं उतरवणार कुठे? ११ जुलै २०१२ रोजी एनपी ग्लोरी ४ हे जहाज रूपर्ट्स बे इथे आलं आणि या बेटाच्या इतिहासात पहिल्यांदा एखादं जहाज किनाऱ्याला टेकलं. त्यातून पहिलं यंत्र स्वतःच्या चाकांवर उतरलं. इथल्या माणसांना तो दिवस तारखेसकट पाठ आहे.

मग आधी रस्ता. किनाऱ्यापासून पठारापर्यंत १४ किलोमीटर, डोंगर फोडत. त्यानंतर घळ भरायची. तुम्ही आत्ता बघताय तो उतार नैसर्गिक नाही. सुरुंग लावून डोंगर फोडायचा, ते दगड आणून घळीत टाकायचे, थर द्यायचा, दाबायचा, पुन्हा थर. असा सुमारे ८० लाख घनमीटर भराव. उंची शंभर मीटरच्या वर. धावपट्टीचा एक मोठा भाग या भरावावर उभा आहे. खाली उभं राहून वर बघितलं की मान दुखते. खाली उभा असलेला तो ठिपका म्हणजे आमचा ध्वनिमुद्रक.

१५ सप्टेंबर २०१५ रोजी पहिलं विमान उतरलं, चाचणीचं, दोन पंख्यांचं छोटं. डोंगरांवर माणसं उभी होती. बेटावर जन्म काढलेल्या कित्येकांनी आपल्या जमिनीवर विमान टेकताना पहिल्यांदा बघितलं ते त्या दिवशी.

आणि मग वारा आडवा आला.

(दृश्य: कड्यावर पांढरे पक्षी, वाऱ्यात जागच्या जागी फडफडताना. मग एका माणसाची टोपी उडते.)

हा वारा समजून घ्या, कारण या लाउंजमधली सगळी बोलणी त्याच्याभोवती फिरतात. इथे वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. समुद्रावर त्यांना अडवणारं काहीच नाही. ते थेट कड्यांवर आदळतात आणि वर उसळतात, वळतात, गरगरतात. विमान उत्तरेकडून उतरायला लागलं की शेवटच्या टप्प्यात वाऱ्याचा वेग आणि दिशा क्षणात बदलते. दक्षिणेकडून यावं तर वारा पाठीमागून ढकलतो.

जुलै १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन या बेटावर आठवडाभर होता. एका उंच कड्याच्या काठाशी तो उभा राहिला. तो होता तिथे हवा अगदी शांत होती आणि काही यार्डांवर समुद्रपक्षी मोठ्या वाऱ्याशी झुंजत होते. त्याने काठाशी जाऊन हात बाहेर काढला आणि त्या हाताला वाऱ्याचा पूर्ण जोर लागला. शांत हवा आणि सोसाट्याचा वारा यांच्यात दोन यार्ड रुंदीची न दिसणारी भिंत, असं त्याने लिहून ठेवलंय. त्याच भिंतीतून १८० वर्षांनी विमानं उतरवायची होती.

एप्रिल २०१६ मध्ये बोइंग ७३७ चाचणीसाठी आलं. पहिल्या प्रयत्नात ते उतरू शकलं नाही. वाऱ्याचा प्रश्न सगळ्यांसमोर आला आणि २१ मेला, सेंट हेलेना दिनी, ठरलेलं उद्घाटन लांबणीवर पडलं. लंडनच्या वर्तमानपत्रांनी ‘जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ’ असं नाव ठेवलं. हे नाव जगभर गेलं. आजही या बेटाचा विषय काढा, समोरचा हेच म्हणतो.

पण त्याच काळात, तो ‘निरुपयोगी’ म्हणून गाजत असताना, या धावपट्टीवर रुग्णांना नेणारी छोटी विमानं उतरत होती. आणि मोठं बोइंग जमत नाही म्हटल्यावर लहान जेट बघितलं गेलं. एम्ब्राएर कंपनीचं १९० हे विमान. त्याच्या चाचण्या झाल्या, वैमानिकांना खास प्रशिक्षण मिळालं. वजन हलकं राहावं म्हणून काही जागा रिकाम्या ठेवायच्या ठरल्या. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी पहिलं नियमित प्रवासी विमान या धावपट्टीवर टेकलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये आरएमएस शेवटच्या फेरीला निघालं.

(दृश्य: रूपर्ट्स व्हॅली. मोकळी जमीन. थोडा वेळ स्थिर.)

रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आधी, त्याच्या तयारीत या दरीत कबरी निघाल्या. गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवून आणलेल्या आफ्रिकन माणसांच्या. सुमारे ८,००० जण इथे पुरले गेले. २००८ मध्ये त्यांतल्या ३२५ जणांचे अवशेष उकरून काढावे लागले, आणि २०२२ मध्ये त्यांचं पुन्हा दफन झालं. पर्यटक अजून अपेक्षेइतके येत नाहीत, तिकीट महाग आहे, आणि पठारावरच्या किड्या-कोळ्यांच्या दुर्मिळ जातींची जागा आक्रसली आहे, हेही खरं.

(दृश्य: लाउंज. सगळे एकदम उभे.)

दिसलं!

तो बघा, ढगाखाली ठिपका. समुद्रावरून येतोय. कुणी काही बोलत नाहीये. आजीने हातातला कप टेबलावर ठेवलाय, न बघता, अर्धा काठाबाहेर. कुणीतरी तो आत सरकवतं.

चाकं खाली. पंख एका बाजूला कलतात, सरळ होतात, पुन्हा कलतात. कड्याशी येताना एकदम वर उचलल्यासारखं होतं. आणि विमान पुन्हा वर जातं. धावपट्टीला न शिवता आपल्यासमोरून निघून जातं.

लाउंजमध्ये निःशब्द शांतता. काउंटरवरच्या बाईंना मात्र सवय असावी, त्या शांतपणे कप पुसत राहतात. आमचा कॅमेरा तेवढा त्यांच्याकडे वळला, कारण बाकी कुणाच्याच चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

या विमानात परत वॉल्व्हिस बेला जाण्याइतकं इंधन घेऊन येतात. ते गंमत म्हणून नव्हे. उतरता आलं नाही तर जाणार कुठे? वैमानिक दुसऱ्यांदा वळण घेतो. तो निर्णय त्याचा, आणि तो जे ठरवेल ते या बेटाला मान्य असतं.

(दृश्य: विमान पुन्हा येतं. उतरतं. चाकांतून धूर. आवाज.)

टेकलं.

(दृश्य: आगमनाच्या दाराबाहेर माणसं. मिठ्या. एक लहान मुलगी आधी मागे सरते, मग धावते. इथे निवेदन नाही. ४० सेकंद.)

जाणाऱ्यांना बोलावणं येतं. इथे विमानाला जोडणारा बोगदा नाही, बस नाही. दारातून बाहेर पडायचं आणि चालत जायचं, वाऱ्यातून. आजी आमच्या पुढे चालतेय. मघाशी तिच्याशी बोलणं झालं होतं. मुलगा इंग्लंडमध्ये आहे, त्याला बाळ झालंय. जहाज होतं तेव्हा ती कधी गेली नाही, दोराला लटकायची भीती वाटायची. आता ही तिसरी खेप. तिच्या पिशवीत घरी केलेला मुरंबा आहे, तीन बाटल्या, प्रत्येक बाटली मोज्यात गुंडाळलेली. वजनाची चिठ्ठी पिशवीच्या बंदाला बांधलीय आणि ती वाऱ्यावर सारखी फडफडतेय.

ती जिन्याशी थांबते. मागे वळते. हात वर करते.

(दृश्य: विमानाच्या खिडकीतून. लाउंजची काच, त्यात आकाशाचं प्रतिबिंब. आत कुणीच नाही, टेबलावर काही कप. मग कुंपण. कुंपणापाशी माणसं. विमान वळतं, धावपट्टीच्या टोकाला जातं, तरी हात वर आहेत.)